साताचा करदोडा

११ ऑगस्ट २०२५
प्रताप नगर, नागपूर

मा. प्रदर्शन अधिकारी यांस,

त्या सकाळी नळ उशिरा आला होता. मी मोरीपाशी बसून रात्रीची भांडी राखेनं घासत होते. शेगडीच्या एका बाजूला आंघोळीचं पाणी, दुसऱ्या बाजूला तुरीची डाळ. डाळ उतू जाईल म्हणून दर दोन भांड्यांमागे एकदा उठत होते. आमचे हे खाटेवर पेपर घेऊन बसले होते. पहिल्याच पानावर समुद्रात तरंगणाऱ्या एका काळ्या गोळ्याचं चित्र होतं. ते त्यांनी मला दाखवलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "गोपिके, तुह्यं काहीतरी वर जाऊन आलं वं."

"काय मह्यं?" मी विचारलं.

"पाह्यशीन तवा समजन," म्हणाले, आणि डबा घेऊन कामावर गेले.

याला दहा वर्षं झाली. नमस्कार लिहायचा राहून गेला, तो आता करते. माझं नाव श्रीमती गोपिका रुपराव ठवकर, वय सदुसष्ट. मिस्टर सहा वर्षांपूर्वी वारले. पंचवीस वर्षं ते इतवारीत एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. लग्नात आहेर द्यायचा असला की लोक भांडं आणि चिठ्ठी घेऊन यायचे, आणि हे छन्नीनं ठिपके ठोकून नाव घालून द्यायचे. कोणाकडून, कोणाला, तारीख. पुढे दुकानादुकानांत मशिनी आल्या आणि पायरी सुटली. तेव्हा हिंगणा रोडवरच्या एका वर्कशॉपनं त्यांना बोलावलं. तिथे अवकाशयानाचे काही भाग बनत होते. पत्रा नाजूक, मशीन खोल जायची, म्हणून हलक्या हाताचा माणूस हवा होता. प्रत्येक भागावर त्याचा नंबर घालायचा, एवढंच काम.

ते यान वर जाऊन, खाली येऊन, आता रिटायर झालं आणि लोकांना पाहायला तुमच्या विज्ञान उद्यानात येणार, असं पेपरात वाचलं. माझी एकच विनंती आहे. यानाच्या दाराच्या उजव्या कडेला हातभर लांब पट्टी आहे. तिच्यावरचा नंबर ह्यांच्या हातचा, असं तेच सांगायचे. तिच्यावर माझं नाव आहे का, एवढं पाहून कळवावं.

आमच्या घरात माझं नाव एकाही भांड्यावर नाही. म्हणायचे, आपल्या घरातून कोण चोरून राहिलं? आकडे मात्र पुष्कळ आहेत, कारण वर्कशॉपात इंग्रजी आकडे लागायचे आणि त्यांचा सराव त्यांनी घरच्या भांड्यांवर केला. पण जन्मभर नावं घालणारा माणूस "तुझं काहीतरी" म्हणाला तर ते नावच असणार, असं मी धरून चालले आहे.

ऐकायला कमी येतं, म्हणून फोन करत नाही. पत्रच पाठवावं.

आपली,
गोपिका ठवकर

---

१९ ऑगस्ट २०२५
विज्ञान उद्यान, नागपूर

श्रीमती गोपिका ठवकर यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. अवकाशकुपी गेल्याच आठवड्यात ट्रेलरवरून आली. सध्या ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. नोव्हेंबरात ती लोकांसाठी खुली करण्याचा विचार आहे.

आपण सांगितलेली पट्टी मी पाहिली. ती दाराच्या उजव्या कडेला आहे, हे अगदी बरोबर. परंतु खाली येताना कुपी बाहेरून भाजली आहे, त्यावर समुद्राच्या मिठाचा थरही आहे. पट्टी पूर्ण काळी असल्यानं तिच्यावर काहीही वाचता येत नाही. ती आम्हाला पुसताही येत नाही. ज्या संस्थेची ही कुपी आहे तिनं आम्हाला ती ठरावीक मुदतीसाठी दिली आहे, आणि अट स्पष्ट आहे की आली तशीच ठेवायची. लोक जे पाहायला येणार ते हे भाजलेपणच आहे.

आणखी एक गोष्ट सांगणं मला भाग आहे. अशा यानाच्या प्रत्येक भागावर काय कोरायचं हे ठरलेलं असतं. त्याबाहेर एखादं नाव कोणी कोरलं असेल तर ती गंभीर बाब धरली जाईल, आणि तसं आढळल्यास मला ते वर कळवावं लागेल. आपल्या भावना मी समजू शकते.

आपली,
चारुशीला हरकरे
प्रदर्शन अधिकारी

---

२५ ऑगस्ट २०२५

चारुशीला मॅडम यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र पोळ्याच्या दिवशी आलं. बैल दाराशी आले तेव्हा ते माझ्या हातातच होतं. दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली, सगळा गाव "इडा पिडा घेऊन जा" म्हणून ओरडत होता. मी घरीच बसले. मला वाटत होतं की मीच एक पिडा दारात आणून ठेवली.

माझं पहिलं पत्र फाडून टाका. काही शोधू नका. ह्यांनी आयुष्यात कोणाच्या भांड्यावर एक ठिपका जास्तीचा घातला नाही. एकदा एका शेठच्या ताटावर एक वेलांटी चुकली, तर स्वतःच्या पैशानं नवं ताट आणून दिलं. असा माणूस सरकारी यानावर बायकोचं नाव घालणार नाही. आणि घातलंच असलं, तर मेल्यावर त्यांना कोणी चोर ठरवलेलं मला नको आहे. नाव नाही मिळालं तरी चालेल.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगते की मी वाचायला भांड्यांवर शिकले. माझं माहेर पारशिवनीजवळचं. दुसरीतून शाळा सुटली ती कायमची. लग्नानंतर हे रोज संध्याकाळी दिवसभराच्या चिठ्ठ्या घरी आणायचे आणि पुढ्यात टाकायचे. "वाच, आज कोणाचं लगन झालं." सगळी नागपूरची लग्नं मी अशी वाचली. चिठ्ठ्यांवरून पेपरावर आले, पेपरावरून पुस्तकांवर. वाचनालयातला बाबू आता माझ्यासाठी पुस्तक बाजूला काढून ठेवतो.

एका गोष्टीचं मात्र हसू आलं. तुमचं यान म्हणे काळंच ठेवायचं! आमच्या सासूबाई असत्या तर पाहुण्यांपुढे अशी काजळलेली वस्तू ठेवू दिली नसती. म्हणाल्या असत्या, चिंचेचा कोळ लाव, चिमूटभर मीठ टाक, दोन मिनिटं थांब आणि घास. तांबं असो की जर्मनचं भांडं, अक्षर न् अक्षर दिसतं. पण तुमच्या घरची रीत तुमची.

पुन्हा एकदा, शोधू नका.

गोपिका ठवकर

---

२४ सप्टेंबर २०२५

गोपिकाकाकू,

मॅडम म्हणू नका. आज मी अधिकारी म्हणून लिहीत नाही, आणि कदाचित फार दिवस अधिकारी राहणारही नाही.

तुमचं पत्र मला फार आवडलं. इतकं, की चहाच्या वेळी मी ते प्रयागबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रयागबाई आमच्याकडे झाडलोट करतात, सोळा वर्षं झाली. सासूबाई आणि चिंच ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले आणि विसरून गेले.

दोन आठवड्यांपूर्वी एका सकाळी मी शेडमध्ये गेले तर ताडपत्रीचं एक टोक उचललेलं. प्रयागबाई दाराच्या उजव्या बाजूला उकिडव्या बसलेल्या, शेजारी वाटीत चिंचेचा कोळ, हातात काथ्या. त्या पट्टीवर तळहाताएवढी जागा चांदीसारखी लख्ख झालेली.

मी म्हटलं, "प्रयागबाई, हे काय केलंत?"

"त्या बाईचं नाव शोधून राहिली," त्या म्हणाल्या. "तुम्हाले करता येत नाही, तुमची नोकरी हाय. मह्या झाडूले कोण विचारते?"

"अहो पण पुसायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"पुसलं कुठी? घासलं."

काकू, मला ओरडायचं होतं. पण त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की मी तिथेच स्टुलावर बसले.

संस्थेला कळवणं भाग होतं, मी कळवलं. प्रयागबाईंना तोवर कामावर येऊ नका असं सांगावं लागलं. सहा ऑक्टोबरला संस्थेतून तपासणीला माणसं येत आहेत. त्यांनी ठरवलं तर कुपी परत जाईल, प्रदर्शन होणार नाही, आणि प्रयागबाईंची नोकरी जाईल. माझं जे व्हायचं ते होईल. पत्र मीच वाचून दाखवलं होतं.

आता तुमच्या कामाचं. घासलेल्या जागेत मजकूर दिसतो. दोन इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे. तो त्या भागाचा नंबर आहे, नोंदींशी जुळतो. त्याच्या वर, खाली, शेजारी काही नाही. बाकीच्या पट्टीवर मी तिरपा दिवा धरून पाहिलं. तिथेही काहीच कोरलेलं नाही. नाव नाही, काकू. तुमच्या मिस्टरांवर आता कुणी बोट ठेवू शकत नाही, एवढं मात्र खरं.

चारुशीला

---

२८ सप्टेंबर २०२५

चि. चारुशीलास अनेक आशीर्वाद.

सोबत दुसरा कागद जोडला आहे. तो त्या तपासणीच्या माणसांना द्यायचा. त्यावर मी लिहिलं आहे की चिंच माझी, मीठ माझं, सांगणारी मी. प्रयागबाईला लिहिता-वाचता येत नाही, तिनं माझं ऐकलं. यानाचं जे नुकसान झालं असेल त्यासाठी मला बोलवावं, मी प्रताप नगरहून बसनं येऊ शकते. सही केली आहे. अंगठा हवा असेल तर तोही देईन.

प्रयागबाईला सांग, माझ्यासाठी कोणी एवढं केल्याला फार वर्षं झाली. आणि हेही सांग की यापुढे माझी पत्रं ऐकून काही करू नको.

नाव नाही हे वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं, कारण ह्यांचा हात स्वच्छ निघाला. मग संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना हात थांबला. दहा वर्षं मी मनात म्हणत होते की माझं नाव आभाळात फिरून आलं आहे. कोणाला बोलले नव्हते. एकदाच जाऊबाईंजवळ बोलले, तर त्या पुढे वर्षभर मला "आली वं आभाळवाली" म्हणायच्या. आता कळलं की त्याच बरोबर होत्या. ह्यांनी थट्टा केली असेल. थट्टेखोर होतेच.

एक काम करशील? पातळ कागद त्या नंबरवर ठेव आणि वरून पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घास. ठिपके कागदावर पांढरे उमटतात. हे दुकानात असंच करून नमुने ठेवायचे. असं घासल्यानं यानाला काही होत नाही, पण या खेपेला आधी त्यांना विचार. मला फक्त ह्यांचा हात पाहायचा आहे. नाव नाही तर नाही, आकडे तर त्यांचे आहेत.

घरी एक पाणी भरायचा तांब्याचा गुंड आहे, त्यावर त्यांनी सगळ्यात जास्त सराव केला. ते गेल्यापासून तो मी त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. सहा वर्षांत घासला नाही, की घासून घासून आकडे जातील. सूनबाई श्वेता दर दिवाळीला विचारते, "आई, तो काळा गुंड मोडीत घालायचा का?" तिची चूक नाही. तिला काळा गुंड दिसतो.

तपासणीचं काय झालं ते लगेच कळव.

तुझी,
गोपिकाकाकू

---

८ ऑक्टोबर २०२५

गोपिकाकाकू,

आधी तेच सांगते. कुपी जात नाही. प्रयागबाई येत्या सोमवारपासून कामावर.

तपासणीला तिघं आले होते. त्यांतले मोठे दत्तोपंत म्हणून आहेत, निवृत्तीला आलेले, फार कमी बोलतात. त्यांनी तुमचा कागद वाचला. मग भिंग काढून पट्टीसमोर गुडघ्यांवर बसले आणि अर्धा तास उठले नाहीत. मी आणि प्रयागबाई दाराशी उभ्या. बाईंना त्या दिवशी मीच बोलावून घेतलं होतं.

अखेर ते उठले आणि प्रयागबाईंना विचारलं, "चिंच किती वेळ ठेवली?"

"दोन मिन्टं."

"नक्की?"

"सायेब, दोनाच्या वर ठेवली तं भांडं लाल पडते. मले काय आजच समजून राहिलं?"

दत्तोपंत हसले नाहीत, पण दुसरे दोघं हसले. धातूला इजा नाही, असं त्यांनी लिहून दिलं. एवढंच नाही, ती जागा तशीच उघडी ठेवायची असं ठरलं. एका बाजूला भाजलेला पत्रा, शेजारी यान वर जायच्या आधी होता तसा पत्रा. असं शेजारी शेजारी लोकांना कुठेच पाहायला मिळत नाही, असं ते म्हणाले. मात्र जाताना मला एक कडक शब्दांचं पत्र देऊन गेले. ते मी फाइलला लावलं आहे. मला ते मिळायलाच हवं होतं.

पेन्सिलीचा ठसा त्यांच्यासमोर, त्यांच्या परवानगीनं घेतला. सोबत पाठवते. आकडे आहेत चार, सात, एक, सात. एक गोष्ट दत्तोपंतांना नवलाची वाटली. दोन्ही इंग्रजी सातांच्या मधोमध एक आडवी बारीक रेघ आहे. कुपीच्या बाकीच्या भागांवर, जे दुसऱ्या गावांतून बनून आले, साताला रेघ नाही. फक्त नागपूरच्या वर्कशॉपमधून आलेल्या भागांवर आहे. जुन्या नोंदीत म्हणे असं आहे की एकदा एक आणि सात यांत घोटाळा होऊन तिथला सगळा माल परत आला होता आणि त्यानंतर ही रेघ सुरू झाली. कुणी सुरू केली ते लिहिलेलं नाही.

तुम्हाला काही ठाऊक आहे का?

चारुशीला

---

१३ ऑक्टोबर २०२५

चि. चारुशीला,

तुझं पाकीट उघडलं तेव्हा श्वेता समोर मेथी निवडत बसली होती. मी कागद उजेडात धरला आणि साताच्या रेघेवर पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. ती घाबरली. "आई, काय झालं? कोणी गेलं का?"

मी म्हटलं, "माळ्यावरचा गुंड काढ."

"आत्ता?"

"आत्ता."

ती स्टुलावर चढली. दुपट्टा सोडला. गुंड काळा ठिक्कर पडला आहे, पण ठिपके खोल आहेत, बोटाला लागतात. गळ्याभोवती एक ते नऊ, पुन्हा एक ते नऊ. वरच्या ओळीतले सात साधे आहेत. खालच्या ओळीत प्रत्येक साताला आडवी रेघ आहे. तुझ्या कागदावरच्यासारखीच. जराशी डावीकडे उतरती.

आणि मग मला आठवलं, चारुशीला. मी ते साफ विसरून गेले होते.

एकदा ते कामावरून आले आणि जेवले नाहीत. मी विचारलं, "काहून?" तर म्हणाले, सगळा माल वापस आला. तपासणाऱ्यानं सात हा एक म्हणून वाचला. साहेब म्हणे, ठवकर, उद्या पुन्हा असं झालं तर येऊ नका. हे पाटावर बसून भाकरीच्या पिठात बोटानं एक आणि सात, एक आणि सात काढत होते. दोघंही सारखेच, उभे नि उघडे. मी भाकरी थापत होते. ताटात पाहिलं आणि हसायला आलं.

म्हटलं, "दोन्ही पोरं नागडीच फिरून राहिली, तं वळखू कसं येईन? मोठ्याले करदोडा बांधा."

ते म्हणाले, "आकड्याले करदोडा?"

मी पिठाच्या बोटानं त्यांच्या साताच्या कंबरेवर आडवी रेघ मारली. "हा घ्या. आता साताले एक म्हणून दाखवा."

ते त्या रेघेकडे पाहत राहिले. मग जेवले. तीन भाकरी खाल्ल्या. रात्री झोपायच्या आधी हा गुंड घेऊन बसले आणि खालची ओळ ठोकली. दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवली असेल, साहेबांनी हो म्हटलं असेल. मला पुढचं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घरात अशी किती बोलणी होतात, कोण लक्षात ठेवतं?

त्यांनी ठेवलं होतं. म्हणून त्या सकाळी "तुझं नाव" असं नव्हते म्हणाले. "तुझं काहीतरी" म्हणाले होते. मीच दहा वर्षं त्यात नाव घालत बसले.

श्वेतानं गुंडाचा ठसा घेतला आहे, सोबत आहे. खालची ओळ पाहा. मग ती स्वतःहूनच माळ्यावरची सगळी भांडी खाली काढून बसली, ताटं, वाट्या, पळ्या, आणि प्रत्येकावर सात शोधत होती. सापडला की ओरडायची, "आई, इथं पण!" मेथी तशीच राहिली. त्या दिवशी वरण-भातावर भागवलं.

तुझी,
गोपिकाकाकू

---

१० नोव्हेंबर २०२५

गोपिकाकाकू,

दोन्ही ठसे मी दत्तोपंतांना पाठवले. त्यांनी वर्कशॉपकडून जुना हजेरीपट मागवला. रेघ सुरू झाली त्या महिन्यात नंबर घालायला एकच माणूस होता, रुपराव ठवकर. त्यांचं उत्तर दोनच ओळींचं आहे. "हात एकच आहे. फलकावर नाव द्यावे."

अशा यानांच्या फलकावर मी आजवर संस्थेचं नाव पाहिलं, वजन पाहिलं, उंची पाहिली. नंबर घालणाऱ्याचं नाव कधी पाहिलं नाही. म्हणून मी तुम्हाला विचारून लिहिणार आहे. पट्टीशेजारी छोटा फलक येईल. त्यावर "नंबर घालणारे: रुपराव ठवकर, इतवारी, नागपूर" असं चालेल ना? आणि त्याखाली करदोड्याची गोष्ट, तुमच्या नावासकट, लिहू का? इतकी वर्षं तुम्हाला ज्याची आशा होती ते मला देता येईल, असं मला वाटतं. नाव पट्टीवर नसलं तरी पट्टीच्या शेजारी असेल.

उद्घाटन रविवारी, तेवीस तारखेला, सकाळी दहाला. गाडी पाठवते. प्रयागबाई म्हणतात, "त्या बाईले म्हणा, चिंच घेऊन येऊ नको."

तुमची,
चारुशीला

---

१४ नोव्हेंबर २०२५

चि. चारुशीला,

ह्यांचं नाव लिही, तू म्हणतेस तसंच. इतवारी लिहायला विसरू नको.

करदोड्याची गोष्टही लिही. लोकांना कळू दे की रेघ का आहे. पण माझं नाव नको. "त्यांच्या पत्नीनं सुचवलं" एवढं पुरे. तुला वाटेल म्हातारी लाजते. तसं नाही. ह्यांनी ते नावाशिवाय पाठवलं होतं आणि ते जाऊन आलं. त्यांना योग्य वाटलं तेवढंच मला हवं आहे.

गाडी नको, श्वेता स्कूटरवर आणते म्हणाली.

गोपिकाकाकू

---

२६ नोव्हेंबर २०२५

चि. चारुशीलास अनेक आशीर्वाद.

रविवारी एवढ्या गर्दीत तुझ्याशी धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

यान मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. आमच्या गावच्या ज्वारीच्या कणगीएवढं. मी मनात केवढं मोठं करून ठेवलं होतं! पण एवढंसं आहे म्हणूनच मला त्याची माया आली. एवढासा जीव इतक्या वरून खाली पडला, होरपळला, खाऱ्या पाण्यात पडून राहिला, आणि आता नागपुरात टेकून बसला आहे. कोणी त्याला पुन्हा वर पाठवणार नाही. नुसतं असायचं आणि लोकांनी येऊन पाहायचं. हेही काम आहेच.

प्रयागबाईला तू यानापाशी उभं केलंस हे फार चांगलं केलंस. माझ्या पुढे इतवारीतल्या एक बाई होत्या, अंगावर चांगली साडी, त्या म्हणाल्या, "एवढं दाखवायला ठेवलं तर स्वच्छ तरी करायचं!" प्रयागबाई लगेच म्हणाली, "बाई, जळकंच ठेवाचं आहे. हात नका लावू. हे एवढं स्वच्छ केलं ना, ते मीच केलं," आणि हात कमरेवर ठेवून अशी उभी राहिली की जणू यान तिनंच बनवलं. मग श्वेतानं माझं नाव सांगितलं, तेव्हा तिनं मला ओळखलं. आम्ही दोघी पहिल्यांदाच भेटलो. ती म्हणाली, "लवकर लवकर पाहून घ्या, मागं लाइन हाय," आणि दोरी उचलून मला आत घेतलं.

पट्टीपुढे मी किती वेळ उभी होते माहीत नाही. हात लावला नाही. चार, सात, एक, सात. दोन्ही सातांना करदोडा, डावीकडे जरासा उतरता, पिठातल्या माझ्या रेघेसारखाच. चष्म्यावर वाफ आली, श्वेतानं पदरानं पुसून दिला. फलकावर त्यांचं नाव वाचलं. रुपराव ठवकर, इतवारी. सगळ्या नागपूरची नावं घातलेल्या माणसाचं नाव मी पहिल्यांदा दुसऱ्या कोणी घातलेलं पाहिलं. अक्षर चांगलं आहे. वेलांट्या बरोबर आहेत. त्यांनी तेच आधी तपासलं असतं.

परत येताना श्वेतानं विचारलं, "आई, गुंड पुन्हा दुपट्ट्यात बांधून ठेवू का वर?" मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ वेळेवर आला. मी चिंचेचा कोळ केला, चिमूटभर मीठ टाकलं, दोन मिनिटं थांबले आणि गुंड घासला. मग त्यात पाणी भरलं.

तुझी,
गोपिकाकाकू